ॲटनबरो : ८७ टक्क्यांचे आडनाव

ॲटनबरो हे नाव कधी ऐकले नाही असा टीव्ही पाहणारा माणूस सापडणे अवघड, आणि ॲटनबरो आडनावाचा माणूस प्रत्यक्ष भेटणे त्याहून अवघड. हे खुद्द इंग्लंडातही खरे आहे. ब्रिटनमध्ये स्मिथ पाच लाखांहून जास्त आहेत. ॲटनबरो मात्र नॉटिंगहॅमशायर आणि त्याला लागून असलेला डर्बीशायर सोडला तर विरळाच. आपल्याकडे हे नाव पोचले ते दोन भावांमुळे. थोरले रिचर्ड, म्हणजे १९८२च्या ‘गांधी’चे दिग्दर्शक. त्यांच्याच चित्रपटात रोहिणी हट्टंगडी कस्तुरबा झाल्या, डॉ. श्रीराम लागू गोखले झाले आणि कोल्हापूरच्या भानू अथैया यांना वेशभूषेचे ऑस्कर मिळाले. त्यांच्या पाठचे डेव्हिड, ज्यांच्या आवाजाशिवाय गोरिला आणि पेंग्विन आता अपुरे वाटतात. तिसरे भाऊ जॉन मोटारींच्या धंद्यात होते, म्हणून त्यांची आठवण कोणी काढत नाही.

नाव कानात इतके रुळले की ते धारण करणारेही पुष्कळ असतील असे आपण गृहीत धरतो. इथे तसे नाही. आणि हे आडनाव इतके थोडे का, हा प्रश्न विचारला की गोष्ट एका गावात, मग एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत आणि शेवटी शुद्ध गणितात जाते. २००९ साली या आडनावाच्या पुरुषांबद्दल एक आकडा प्रसिद्ध झाला, ८७ टक्के. त्या आकड्याचा जो अर्थ बहुतेकांनी लावला तो मला पटत नाही. हे सगळे प्रकरण त्या आकड्याभोवती फिरते, पण आधी गाव पाहू.

ट्रेंटकाठचे गाव

नॉटिंगहॅम शहराच्या नैर्ऋत्येला, ट्रेंट नदीच्या काठी, बीस्टन आणि चिलवेल यांच्या शेजारी ॲटनबरो नावाचे गाव आहे. आज ते शहराच्या उपनगरांत मिसळून गेले आहे. सेंट मेरीचे जुने चर्च आहे, आणि चर्चला लागूनच एक घर आहे. त्या घरचा मुलगा हेन्री आयर्टन. १६११ साली या चर्चमध्ये त्याचा बाप्तिस्मा झाला. पुढे तो इंग्लंडच्या यादवी युद्धात संसदेच्या बाजूचा सेनानी आणि क्रॉमवेलचा जावई झाला, आणि राजा पहिल्या चार्ल्सच्या मृत्युदंडाच्या आज्ञेवर ज्यांच्या सह्या आहेत त्यांत त्याचीही आहे. गावाला इतिहासात एवढी एकच मोठी जागा मिळाली. दुसरी मिळाली ती दुर्दैवाने. १ जुलै १९१८ला चिलवेलच्या तोफगोळे भरण्याच्या कारखान्यात स्फोट होऊन १३४ माणसे गेली. बहुतेकांची ओळखही पटली नाही, आणि त्यांना ॲटनबरोच्या चर्चच्या आवारात सामुदायिक कबरींत पुरले.

विसाव्या शतकात नदीकाठची वाळू-खडी काढून काढून मोठाले खड्डे पडले, त्यांत पाणी साठले, पक्षी आले. १९६६मध्ये तिथे निसर्ग राखीव क्षेत्र झाले आणि उद्घाटनाला बोलावले डेव्हिड ॲटनबरोंना. आयोजकांना दुसरे नाव सुचणे शक्यच नव्हते.

गावाचे नाव अँग्लो-सॅक्सन आहे. शेवटचा भाग तटबंदीच्या जागेचा, पहिला भाग कुणा पुरुषाच्या नावाचा: अड्डा किंवा त्यासारखा कोणी, त्याच्या लोकांची गढी. मध्ययुगातल्या जुन्या नोंदींत नावाच्या सुरुवातीला ‘ट’ नसून ‘ड’ येतो, हे इथे महत्त्वाचे. कारण दुसरी एक व्युत्पत्ती सांगितली जाते. मध्ययुगीन इंग्रजीत ‘ॲटन’ म्हणजे ‘त्या अमुक ठिकाणी’. ॲशच्या झाडापाशी राहणारा तो नॅश, ओकपाशी राहणारा तो नोक्स. मग ‘बरो’पाशी राहणारा तो ॲटनबरो. ऐकायला छान आहे, आणि ती खरी असती तर प्रत्येक तटबंद गावाबाहेर एकेक ॲटनबरो घराणे उगवायला हवे होते, देशभर. तसे झालेले नाही. हे नाव कायम ट्रेंटच्या त्याच खोऱ्याला चिकटून राहिले. आडनावाचा भूगोल गावाच्या बाजूने साक्ष देतो.

आपल्या ‘कर’ आडनावांची सवय असलेल्या वाचकाला हा प्रकार समजावून सांगावा लागत नाही. फक्त एक बारकावा दोन्हीकडे सारखा आहे: गावाचे नाव माणसाला चिकटते ते तो गाव सोडतो तेव्हा. मंगेशीत राहणाऱ्याला कोणी मंगेशकर म्हणणार नाही, तिथे सगळेच मंगेशीचे. दीनानाथांनी ते नाव घेतले ते मंगेशीबाहेर नाव काढायचे होते तेव्हा. तसेच तेराव्या-चौदाव्या शतकात ॲटनबरोहून उठून चार-पाच कोसांवरच्या दुसऱ्या वस्तीत गेलेला माणूस तिथे ‘ॲटनबरोचा जॉन’ झाला. त्याच गावातून दुसरा कोणी दुसऱ्या दिशेने गेला असेल तर तो ‘ॲटनबरोचा विल्यम’. दोघांचे नाते काही नाही. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे.

इंग्लंडात वंशपरंपरागत आडनावांची चाल १०६६च्या नॉर्मन विजयानंतर जमीनदारांत सुरू झाली आणि हळूहळू खाली झिरपली. १४००च्या सुमारास दक्षिण आणि मध्य इंग्लंडातल्या बहुतेक सामान्य घरांना कायमचे आडनाव मिळालेले होते, उत्तरेला थोडे उशिरा. १३७७, १३७९ आणि १३८१ या वर्षी डोईपट्टी बसवली गेली. तिच्या याद्या हा आडनावांच्या अभ्यासकांचा खजिना आहे. त्याच पट्टीमुळे १३८१मध्ये शेतकऱ्यांचे बंड उठले ही गोष्ट वेगळी. १५३८पासून प्रत्येक चर्चला बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची वही ठेवणे बंधनकारक झाले. १८३७पासून सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी आली. स्पेलिंगचे म्हणाल तर पाद्री कानाला येईल तसे लिहीत. ॲटनबरोच्या शेवटच्या दोन अक्षरांची निदान तीन-चार स्पेलिंगे आजही वेगवेगळी आडनावे म्हणून नांदत आहेत. त्यामुळे मोजणीत हे नाव आहे त्याहून थोडे अधिक दुर्मिळ दिसते.

घराणे फार हिंडले नाही. काही शाखा लंडनला गेल्या. एकोणिसाव्या शतकात लंडनमध्ये ॲटनबरो म्हटले की लोकांना निसर्ग आठवत नसे, गहाणवटीची पेढी आठवे. हातात पैसे नसले की सोन्याचे घड्याळ जिथे जाई ते हे नाव. पण मूळ पसारा ट्रेंटकाठीच राहिला. रिचर्ड आणि डेव्हिड यांचे वडील फ्रेडरिक १८८७मध्ये स्टेपलफर्डला जन्मले. स्टेपलफर्ड ॲटनबरो गावापासून जेमतेम पाच किलोमीटर. म्हणजे आडनाव चिकटले असेल तेव्हापासून सहा-सातशे वर्षांत या शाखेने गाठलेले अंतर सायकलवर अर्ध्या तासाचे! योगायोग पाहा, हे फ्रेडरिक अँग्लो-सॅक्सन काळाचे अभ्यासक. इंग्लंडच्या आरंभीच्या राजांचे कायदे त्यांनी संपादून आणि भाषांतरून १९२२मध्ये प्रसिद्ध केले. ज्या भाषेतून स्वतःचे आडनाव आले त्या भाषेतली कलमे ते वाचत बसत. १९३२मध्ये ते लेस्टरच्या युनिव्हर्सिटी कॉलेजचे प्रमुख झाले आणि १९५१पर्यंत तिथे होते. मुले कॉलेजच्या आवारातच वाढली. १९५७मध्ये कॉलेजचे विद्यापीठ झाले आणि आवारातल्या उंच इमारतीला फ्रेडरिक यांचे नाव दिले गेले.

त्याच विद्यापीठात १९८४ साली ॲलेक जेफ्रीज यांना डीएनएवरून माणूस ओळखण्याची युक्ती सापडली. आणि तिथल्याच जनुकशास्त्र विभागात पुढे टुरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी ब्रिटिश आडनावांची तपासणी केली.

आकडा

तपासणीमागची कल्पना साधी आहे. इंग्लंडात आडनाव बापाकडून मुलाकडे जाते. पुरुषाच्या पेशीतले वाय गुणसूत्रही बापाकडून मुलाकडेच जाते, त्यात आईचा वाटा नसतो. मग आडनाव आणि वाय गुणसूत्र ही दोन्ही एकाच वाटेने चालली पाहिजेत. एकाच मूळपुरुषाचे वंशज असतील तर दोन्ही जुळतील.

हा विचार त्यांचा पहिला नव्हता. २०००मध्ये ऑक्सफर्डच्या ब्रायन साइक्स यांनी स्वतःच्याच आडनावाच्या ४८ पुरुषांचे नमुने तपासले. जवळजवळ ४४ टक्क्यांचे वाय गुणसूत्र एकसारखे निघाले. साइक्स यांनी निष्कर्ष काढला की सगळ्या साइक्सांचा मूळपुरुष एकच असावा, बाकीचे मधल्या काळातल्या विवाहबाह्य जन्मांमुळे वेगळे झाले. वृत्तपत्रांना याहून चांगला मजकूर काय हवा? पण साइक म्हणजे यॉर्कशायरच्या बोलीत ओढा, आणि यॉर्कशायरमध्ये ओढे कमी नाहीत. एकाच ओढ्याकाठचा एकच माणूस साऱ्या साइक्सांचा पूर्वज, हे अनेकांच्या गळी उतरले नाही.

किंग आणि जॉबलिंग यांनी पट मोठा मांडला. ४० आडनावे, १,६७८ पुरुष, स्मिथसारख्या सर्वव्यापी नावांपासून जेमतेम मूठभर माणसांच्या नावांपर्यंत. २००९मध्ये निष्कर्ष आले. आडनाव जितके दुर्मिळ, तितके ते धारण करणारे रक्ताने जवळचे. सरासरीने ६२ टक्के पुरुष आपल्या आडनावातल्या कुठल्या ना कुठल्या वंशगटात, म्हणजे एकाच पूर्वजापासून आलेल्यांच्या गटात, बसत होते. पण टोके लांब होती: शून्यापासून ८७ टक्क्यांपर्यंत. स्मिथांत आपसातले साम्य रस्त्यावरून उचललेल्या कुठल्याही माणसांइतकेच. ते अपेक्षितच होते. प्रत्येक गावाला लोहार होता, आणि प्रत्येक लोहार एका स्मिथ घराण्याचा मूळपुरुष झाला. वॉड्सवर्थ आणि जेफरसन यांच्यात एकमेकांशी संबंध नसलेले दोन किंवा अधिक गट निघाले. ॲटनबरो दुसऱ्या टोकाला. सुमारे ८७ टक्के एकाच वंशातले.

आणि हा वंश साधा नव्हता. ब्रिटनमधल्या बहुसंख्य पुरुषांचे वाय गुणसूत्र पश्चिम युरोपात बोकाळलेल्या एकाच मोठ्या शाखेचे असते. त्यामुळे दोन अनोळखी इंग्रज योगायोगानेही बऱ्यापैकी जुळू शकतात, आणि अभ्यासकाला डोके धरावे लागते. ॲटनबरोंचा गट मात्र ई१बी१बी या शाखेतला. उत्तर आणि पूर्व आफ्रिका, बाल्कन प्रदेश, भूमध्य समुद्राचा किनारा इथे ही शाखा नेहमीची. ब्रिटनमध्ये ती थोड्यांत सापडते. म्हणून इथे योगायोगाचा संशय घ्यायला जागा उरत नाही. ब्रिटनमध्ये विरळ असलेल्या शाखेत एकाच आडनावाचे इतके जण एकवटतात, याचा अर्थ ते खरेच एका पुरुषाचे वंशज आहेत.

हा आकडा नमुने देणाऱ्यांचा आहे, हेही सांगून टाकावे. त्यावरून रिचर्ड किंवा डेव्हिड यांच्या वंशाबद्दल छातीठोकपणे बोलणारे लेख निघाले. आडनावाच्या गटाची टक्केवारी कोणा एका माणसाला लागू करणे म्हणजे वर्गाच्या निकालावरून एका मुलाचे गुण सांगणे. शिवाय ही शाखा आफ्रिकेत आहे, बाल्कनमध्ये आहे, म्हणून हे आडनाव रोमन सैनिकाकडून आले, असेही ऐकू येते. आडनाव चिकटले ते रोमन गेल्यावर आठ-नऊशे वर्षांनी. त्या माणसाचा दूरचा पूर्वज कुठून आला ही एक गोष्ट, आणि तो स्वतः कोण होता ही दुसरी. तो तेराव्या शतकातला कुणी इंग्रज शेतकरीच असणार, इंग्रजी बोलणारा, ट्रेंटच्या पुरात गुरे वाचवणारा.

एक गाव म्हणजे एक माणूस नव्हे

आता मुद्दा. ८७ टक्क्यांचा सर्रास लावला गेलेला अर्थ असा: एक गाव, त्यातून निघालेला एक माणूस, त्याचे सगळे ॲटनबरो. गोष्ट म्हणून बिनतोड. पण किंग आणि जॉबलिंग यांनी स्वतः हे म्हटलेले नाही. त्यांनी जवळजवळ उलट म्हटले आहे: आजच्या वाय गुणसूत्रांच्या चित्रावरून सातशे वर्षांपूर्वी आडनावाचे मूळपुरुष किती होते याबद्दल भरवशाची माहिती मिळत नाही. त्यांच्या निष्कर्षांतले हे सर्वांत कमी उद्धृत झालेले वाक्य असावे, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे.

का मिळत नाही, हे थोड्या गणिताने दिसते.

फ्रान्सिस गॉल्टन, चार्ल्स डार्विनचे सावत्र आतेभाऊ, म्हणजे डार्विनच्या वडिलांच्या सावत्र बहिणीचे चिरंजीव, यांना एक चिंता लागली होती. थोर माणसांची आणि सरदारांची घराणी भराभर नाहीशी होताना दिसत. थोरपण संततीला मारक आहे की काय? (माणसांची प्रतवारी लावण्याचा त्यांचा हा सोस पुढे वंशसुधारणेच्या, म्हणजे ‘युजेनिक्स’च्या, चळवळीपर्यंत गेला.) १८७३मध्ये त्यांनी एका शैक्षणिक नियतकालिकात प्रश्न टाकला: इतक्या पुरुषांना शून्य मुलगे, इतक्यांना एक, इतक्यांना दोन असे प्रमाण दिले, तर काही पिढ्यांनी किती आडनावे उरतील? उत्तर दिले हेन्री वॉटसन या गणिती पाद्र्याने. पद्धत त्याची बरोबर होती, शेवटचा निष्कर्ष चुकला. त्याने सगळीच आडनावे अखेर नष्ट होणार असे ठरवले. पुढे कळले की बिएनेमे या फ्रेंच गणितीने १८४५मध्येच हा प्रश्न नीट सोडवून ठेवला होता, पण कोणाच्या लक्षात राहिला नाही.

हे गणित घरी बसून करता येते. समजा लोकसंख्या स्थिर आहे, प्रत्येक पुरुषामागे सरासरी एक मुलगा मोठा होऊन संसाराला लागतो, आणि कोणाला किती हे नशिबावर आहे. शंभर पुरुषांनी सुरुवात केली तर पहिल्याच पिढीत सुमारे ३७ जणांचा पितृवंश संपतो. पाच पिढ्यांत ७३ संपलेले असतात. दहा पिढ्यांत ८४. वीस पिढ्यांत सुमारे ९१. यात साथ नाही, युद्ध नाही, दुष्काळ नाही. केवळ काहींना मुलीच झाल्या, काहींना मूलच झाले नाही, काहींचे मुलगे लहानपणी गेले. ‘वंशाचा दिवा’ म्हणून ज्याचा घोष चालतो तो गणिताच्या दृष्टीने वाऱ्यावरच ठेवलेला असतो. मुलींकडून रक्त पुढे जात राहते, खंडते फक्त नाव.

आता हे ॲटनबरोला लावा. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला त्या गावातून उठलेली, एकमेकांशी नाते नसलेली दहा घरे आसपास ‘ॲटनबरोचे’ म्हणून ओळखली जात होती असे धरू. वीसेक पिढ्यांनी त्यांतले किती पितृवंश उरतील? सरासरीने एक. त्यात १३४८-४९च्या काळ्या मृत्यूने इंग्लंडची एक तृतीयांश ते निम्मी वस्ती नेली, म्हणजे सुरुवातीलाच पत्ते पुन्हा पिसले गेले. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून लोकसंख्या झपाट्याने वाढू लागली. तोवर जो टिकला त्याच्या मुला-नातवंडांचा विस्तार झाला, आणि आज मोजायला गेलो तर बहुतेक सगळे त्याचेच. दहा मूळपुरुषांपासून सुरुवात केली तरी शेवटी ८७ टक्के येऊ शकतात, आणि एकापासून केली तरीही. आजच्या चित्रावरून सुरुवात ओळखता येत नाही.

दुसरे एक ढोबळ गणित याच दिशेने बोट दाखवते. आडनाव आणि वाय गुणसूत्र यांची जोडी मधेच तुटते. विवाहबाह्य संबंध हे कारण सगळ्यांना आधी सुचते, पण दत्तक मूल, सावत्र बापाचे नाव लावणारा मुलगा, लग्नाआधी जन्मून आईच्या माहेरचे आडनाव मिळालेला मुलगा, मालमत्तेसाठी सासऱ्याचे नाव घेणारा जावई, ही कारणेही तेवढीच खरी. पश्चिम युरोपातल्या पाहण्यांत बाप वेगळा निघण्याचे प्रमाण पिढीमागे साधारण एक टक्क्याच्या आसपास येते, म्हणजे लोक समजतात त्यापेक्षा पुष्कळ कमी. एक टक्का धरा. सातशे वर्षे म्हणजे सुमारे २३ पिढ्या. तेवढ्या काळात मूळ जोडी शाबूत राहिलेले वंशज असायला हवेत ७९ टक्के. १३ पिढ्या, म्हणजे चारशे वर्षे, धरली तर येतात ८८ टक्के. ॲटनबरोंचा आकडा दुसऱ्या उत्तराच्या जवळचा आहे.

यावरून मूळपुरुष १६००च्या सुमारास होऊन गेला असे मी सिद्ध केले असे नाही. नमुन्यातल्या थोड्या फरकाने हे आकडे हलतात. पण आजच्या बहुसंख्य ॲटनबरोंचा सामाईक पूर्वज म्हणजे आडनाव पहिल्यांदा लावणारा माणूस, असे समजायचे कारण नाही. तो त्याच्या कितीतरी पिढ्या नंतरचा, हेन्री आयर्टनच्या काळातला कुणी, आधीच ॲटनबरो असलेला आणि मुलांच्या बाबतीत नशीबवान निघालेला माणूस असू शकतो. ४० आडनावांच्या अभ्यासातही बरेचसे वंशगट आडनावांच्या वयापेक्षा तरुण निघाले. आणि आडनाव गावावरून आले, धंद्यावरून आले की बापाच्या नावावरून, याचा आजच्या विविधतेवर वेगळा परिणाम दिसला नाही. गावावरून आलेले आडनाव एकाच माणसाचे असते हा समज या वाक्याने खरे तर निकालात निघायला हवा होता.

उरलेले तेरा

मला ८७पेक्षा १३मध्ये जास्त रस आहे. या तेरा टक्क्यांत दोन प्रकारची माणसे मिसळलेली असणार. एक, ज्यांच्या वंशात मधे कुठेतरी जोडी तुटली. दोन, त्या जुन्या दहा घरांपैकी एखाद्या दुसऱ्या घराचे खरेखुरे वंशज, जे नशिबाने टिकले. पहिल्याला लोक ‘भेसळ’ समजतात आणि दुसऱ्याला ‘अस्सल’, पण गुणसूत्र पाहून दोघांत फरक करता येत नाही. त्यासाठी वह्याच उघडाव्या लागतात.

तुटलेल्या जोडीची लाज वाटण्याचे कारण नाही, हे लेस्टरच्याच दुसऱ्या प्रकरणाने दाखवून दिले. २०१२मध्ये शहरातल्या मोटारतळाखाली सापडलेला सांगाडा तिसऱ्या रिचर्ड राजाचा, हे ठरवणाऱ्या जनुकीय तपासणीच्या प्रमुख टुरी किंगच होत्या. मातृवंशाने जुळणी झाली. पितृवंशासाठी ड्यूक ऑफ बोफर्टच्या, कागदोपत्री राजाच्याच पितृवंशातल्या घराण्यातल्या पाच हयात पुरुषांचे नमुने घेतले. पाचांपैकी एकही राजाशी जुळला नाही. चौघे आपसात जुळले, पाचवा त्यांच्याशीही नाही. म्हणजे राजघराण्याच्या काळजीपूर्वक राखलेल्या वंशावळीत निदान दोन ठिकाणी कागद एक सांगतो आणि रक्त दुसरे.

वह्या आणि गुणसूत्रे एकत्र वाचल्यावर काय हाती लागते याचा उत्तम नमुना पूर्व यॉर्कशायरचा आहे. तिथल्या एका अतिदुर्मिळ आडनावाच्या, पिढ्यान्‌पिढ्या इंग्रज समजल्या जाणाऱ्या पुरुषात ए१ ही वंशशाखा सापडली. तोवर ती पश्चिम युरोपात कधीच नोंदली गेली नव्हती. ती पश्चिम आफ्रिकेची. मग त्याच आडनावाचे १८ पुरुष तपासले. सात जणांत तीच शाखा. दफ्तरे चाळल्यावर हे सात दोन वंशावळींत बसले, दोन्हींचे मूळपुरुष अठराव्या शतकाच्या अखेरीस यॉर्कशायरमध्ये राहणारे. त्यांच्यामधला दुवा कागदांत सापडला नाही, पण ७७ जनुकीय खुणांची तुलना केल्यावर दोन्ही शाखा त्याआधी काही पिढ्यांनी एकत्र येतात असे दिसले. कधीतरी एक आफ्रिकी पुरुष, किंवा त्याचा वंशज, त्या परगण्यात येऊन मिसळला होता. गोरेपणाने आणि आडनावाने त्याचा माग पुसून टाकला होता. २००७मध्ये हे प्रसिद्ध झाले. आडनाव स्मिथ असते तर त्या एका माणसाचे १८ भाऊबंद शोधायचे कुठे? दुर्मिळ होते म्हणून ते हाती लागले.

ॲटनबरोंच्या बाबतीत दोन्ही गोष्टी जमून आल्या आहेत: आडनाव दुर्मिळ आणि वंशशाखाही त्या बेटावर विरळ. त्यामुळे पुढचा प्रश्न सोडवण्याजोगा आहे. २००९च्या वेळी गुणसूत्रावरच्या ठरावीक खुणा मोजत. आज वाय गुणसूत्राचा मोठा भाग अक्षरश: वाचता येतो, आणि दर काही पिढ्यांनी त्यात पडणाऱ्या नव्या बदलांवरून दोन शाखा कधी फुटल्या याचा काळ बराच नेमका काढता येतो. नॉटिंगहॅमशायर आणि डर्बीशायरच्या वेगवेगळ्या परगण्यांतले, कागदोपत्री सोळाव्या-सतराव्या शतकापर्यंत मागे नेता येणारे ॲटनबरो निवडायचे. नावाच्या वेगळ्या स्पेलिंगांची घरेही घ्यायची, कारण ती शाखा मुख्य प्रवाहापासून कधी वेगळी झाली याची तारीख चर्चच्या वहीतच मिळू शकते. सामाईक पूर्वज तेराव्या शतकात पोचला तर ‘एक गाव, एक माणूस’ या गोष्टीला आधार मिळेल. सोळाव्या-सतराव्यात थांबला, तर मधल्या तीनशे वर्षांत बाकीची घरे नाहीशी झाली असे म्हणावे लागेल, आणि डोईपट्टीच्या याद्यांत दिसणाऱ्या प्रत्येक ‘ॲटनबरोच्या’ माणसाला स्वतंत्र मूळपुरुष मानून मोजणी नव्याने करावी लागेल.